‘ती माझी मैत्रीणच आहे’

प्रश्न : मी वडगाव बुद्रुकला राहते, बँकेत नोकरी करते. मुलगी साडेसोळा वर्षांची, आता बारावीत जाईल. धाकटा मुलगा नऊ वर्षांचा. माझं आणि मिस्टरांचं गेली सहा-सात वर्षं पटत नाही. मारहाण नाही, पण रोजचे वाद, मग आठवडा-आठवडा अबोला. ते हॉलमध्ये झोपतात. मुलगी फार समजूतदार. ती माझी मैत्रीणच आहे. तिच्याशिवाय मी हे दिवस काढूच शकले नसते. पण दिवाळीपासून ती बदलली आहे. ‘मी कशालाच चांगली नाही’, ‘मी खोटारडी आहे’ असं म्हणते, क्लासला दांड्या मारते. (भर एप्रिलमध्ये घरातसुद्धा पूर्ण बाह्यांचं जॅकेट घालून बसते.) वह्यांवर वडिलांचं नाव लावणं तिने बंद केलं आहे. तिचा आत्मविश्वास वाढेल असा एखादा कोर्स सुचवाल का? आणि आम्हाला वेगळं व्हायचंच असेल तर तिची बारावी होईपर्यंत थांबावं का?

उत्तर :

ताई, तुम्ही जे वाक्य कंसात टाकलंत ते मी आधी घेते. बाकी सगळं चार दिवस थांबू शकतं, हे थांबू शकत नाही.

मुली उन्हाळ्यात पूर्ण बाह्या अनेक कारणांनी घालतात. हातावरच्या केसांची लाज वाटते, वजनाची लाज वाटते, कधी नुसतीच फॅशन असते. पण स्वतःला इजा केल्याच्या खुणा झाकायलाही घालतात. यातलं काय आहे हे तुम्हाला आणि मला बसल्या जागी कळणार नाही. तिला विचारावंच लागेल, आणि सरळ शब्दांत. ‘विचारलं तर नसतं खूळ डोक्यात शिरेल’ ही भीती बहुतेक आईवडिलांना असते. तसं होत नाही. उलट कोणीतरी स्पष्ट विचारलं की मुलं बऱ्याचदा सुटकेचा श्वास टाकतात. धाकटा झोपल्यावर, तिच्या खोलीत, तिच्या शेजारी बसून विचारा : ‘तू स्वतःला काही दुखापत करून घेतेस का? कधी जगूच नये असं वाटतं का?’ जॅकेट ओढून हात तपासू नका. उत्तर ‘हो’ आलं तर शपथ घालू नका, ‘माझा तरी विचार करायचास’ म्हणू नका, रडून तिच्या गळ्यात पडू नका. ‘बरं झालं सांगितलंस’ एवढं म्हणा आणि त्या रात्री तिच्याजवळ झोपा. घरातली औषधं तिच्या हाताशी येणार नाहीत अशी कुलपात ठेवा. पहिली मिळेल ती मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या; खाजगी दवाखाना परवडत नसेल तर ससूनला मानसोपचाराची ओपीडी आहे. मध्यरात्री काही सुचेनासं झालं तर टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

उत्तर ‘नाही’ आलं आणि तुम्हाला ते पटलं नाही, तरीही तिला कोणाला तरी दाखवाच.

आता ‘मैत्रीण’ या शब्दाकडे येते. तुम्ही तो कौतुकाने वापरलाय, आणि मी बोलणार आहे ते तुम्हाला लागेल. माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या आयांपैकी निम्म्या जणी हाच शब्द वापरतात. ‘माझी मुलगी म्हणजे माझी आईच’, ‘एवढ्या वयात किती समज आहे’. मी मुलीशी एकटीशी बोलायला लागले की त्या समजेखाली काय काय असतं ते कळतं. बाबांची गाडी पार्किंगमध्ये लागली की गेट लोटल्याच्या आवाजावरून आजचा दिवस कसा जाणार हे तिला ओळखता येतं. आवाज चढले की भावाला आतल्या खोलीत नेऊन कार्टूनचा आवाज वाढवायचा, हे तिने स्वतःच ठरवून घेतलेलं असतं. ‘बाबांना विचार, फी भरली का’ हा निरोप हॉलमध्ये नेताना शब्द जरा मऊ करायचे, आणि उलटा निरोप आणताना बाबांनी मारलेला टोमणा गाळायचा, हेही ती करते. रात्री आई रडली की पाठीवरून हात फिरवायचा. मध्यस्थ, पोस्टमन, आया आणि जज, अशा चार नोकऱ्या. पगार म्हणून ‘शहाणी माझी बाय’.

तुम्ही कोर्स विचारलात म्हणून माझीच एक फजिती सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मीही मुलांना वहीत लिहायला लावायची, ‘स्वतःबद्दलच्या पाच चांगल्या गोष्टी’. एका नववीतल्या मुलीने (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते आहे) सुंदर अक्षरात लिहून आणलं : मी आईला त्रास देत नाही. मी भांडण थांबवू शकते. मी भावाचा अभ्यास घेते. मी बाबांना राग येईल असं बोलत नाही. मी काही मागत नाही. मी ‘छान’ म्हणायला तोंड उघडलं आणि गप्प झाले. पाचपैकी एकही गोष्ट तिची नव्हती. पाचही तिच्या ड्युट्या होत्या. घरात भांडण झालं नाही तरच ती मुलगी चांगली, झालं की ती नापास. आणि घरात भांडण व्हायचं की नाही हे काही तिच्या हातात नव्हतं.

तुमच्या मुलीचं ‘मी कशालाच चांगली नाही’ मी असं वाचते. तिने सहा वर्षं एक काम जीव तोडून केलं आणि ते काम काही झालं नाही. तुमचं दोघांचं पटलं नाही. तिच्या हिशेबात ते तिचं अपयश आहे. त्यावर आरशासमोर उभं राहून ‘आय अॅम द बेस्ट’ म्हणायला शिकवणारं दोन दिवसांचं शिबिर काय करणार? जंगली महाराज रस्त्यावर अशा शिबिरांच्या पाट्या मी रोज बघते, त्यांच्यावर राग नाही. पण पैसे वाचवा.

‘खोटारडी’ हा शब्द मात्र घरातल्यापेक्षा तिच्या वयाचा जास्त आहे. सुसान हार्टर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी किशोरवयीन मुलांना विचारलं होतं की तुम्ही आईसोबत कसे असता, वडिलांसोबत कसे, मित्रांत कसे. बारा-तेराव्या वर्षी मुलांना यातली विसंगती फारशी दिसतच नाही. चौदा-पंधरा-सोळाला ती दिसते आणि टोचते. ‘मैत्रिणींत हसते, घरी गप्प, मग खरी मी कोणती?’ अठरा-एकोणीसपर्यंत बहुतेक मुलं त्याची जुळणी लावतात : माणूस सगळीकडे एकसारखा नसतो, चालायचंच. शांत घरातल्या मुलालाही हा टप्पा चुकत नाही. फक्त तुमच्याकडे तो दुप्पट आहे, कारण तुमच्यासमोर बाबांबद्दल चांगलं बोलता येत नाही आणि बाबांसमोर तुमच्याबद्दल. तिला दोघंही आवडतात हे ती दोन्ही खोल्यांत लपवते. म्हणून खोटारडी.

आणि इथे एक वाक्य विचारते. तुम्ही लिहिलेलं नाही, पण घरोघरी असतं म्हणून. ‘अगदी बापावर गेलीयेस!’ रागात निघालंय का कधी? ज्या घरात नवरा-बायकोचं बरं चाललंय तिथे हे वाक्य नाकाबद्दल किंवा झोपेबद्दल असतं. तुमच्या घरात ‘बाप’ म्हणजे जे जे वाईट ते. मग मुलगी मनातल्या मनात गणित मांडते की अर्धी मी तशीच आहे, वर काही केलं तरी आत तेच आहे. बाबांबद्दल तुम्ही फोनवर मावशीला जे सांगता त्यातलं अर्धं तिच्या खात्यात जमा होतं. तुमची तक्रार खरी असेल. ती मी खोटी ठरवत नाही. ती ऐकायला सोळा वर्षांची मुलगी नको, एवढंच म्हणते.

वहीवरचं नाव. आपल्याकडे ही गोष्ट साधी नसते, कारण मराठी माणसाच्या नावाच्या मधोमध बाप बसलेला असतो. आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत स्वतःच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आलाय, पण तुमच्या मुलीच्या वेळी फक्त वडील होते. तुम्ही लिहिता की तिने वडिलांचं नाव लावणं बंद केलं. मला त्यात थोडं समाधान ऐकू आलं. चुकत असेन तर माफ करा. पण तिथे तिने तुमचं नाव लिहिलंय का? माझा अंदाज आहे की नाही. ती दोघांतूनही बाहेर पडून बघते आहे. हे वाईट लक्षण नाही. दिवाळीपासून जे काही घडलंय त्यातलं हे एकच मला आशेचं वाटतं.

ज्या मानसशास्त्रज्ञामुळे ‘आयडेंटिटी क्रायसिस’ (‘मी नक्की कोण?’ हा पेच) हा शब्द जगभर झाला, तो एरिक एरिक्सन १९०२ मध्ये फ्रँकफर्टला जन्मला. जन्मदाता बाप कोण हे त्याला आयुष्यभर कळलं नाही. आईने पुढे एका बालरोगतज्ज्ञाशी लग्न केलं आणि हेच तुझे वडील असं मुलाला सांगितलं. १९३९ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेताना त्याने स्वतःच स्वतःला आडनाव दिलं : एरिकचा मुलगा, एरिक्सन. त्याचं म्हणणं असं की या वयात मुलाला थोडी सूट लागते. म्हणजे एक-दोन वर्षं इकडेतिकडे हुंदडायला, सहा महिने गिटार शिकून सोडून द्यायला, आज कविता करून उद्या त्यांना हसायला, चुकीचे मित्र करायला. त्यातूनच ‘मी’ तयार होतो. तुमच्या मुलीकडे ही सूट कधी होती? क्लास, टेस्ट सिरीज, आणि उरलेल्या वेळात तुमच्या संसाराची राखण.

मग करायचं काय? मी सांगते ते एक काम आहे आणि ते तुमचं आहे, तिचं नाही. तिला नोकरीतून मोकळं करा. तोंडाने, स्पष्ट. ‘तुझ्या बाबांचं आणि माझं जे काही आहे ते आमचं आहे. ते सोडवणं तुझं काम नाही. मी इतकी वर्षं तुला त्यात ओढलं, ते माझं चुकलं.’ इतकंच. पाच मिनिटांच्या वर लांबवू नका, आणि हे बोलून झाल्यावर तिच्यासमोर रडू नका. रडलात तर ती लगेच पाठीवर हात ठेवेल आणि ड्युटी पुन्हा सुरू. नंतर रडायचं असेल तर बहिणीकडे जा, सिंहगड रोडवरून गाडीवर एक चक्कर मारा, किंवा स्वतःसाठी समुपदेशक बघा. हे शेवटचं मी दोनदा म्हणेन. तुम्हालाही मैत्रीण लागते, ती तुमच्या वयाची असावी.

दुसऱ्या दिवसापासून निरोप बंद. फी, गॅस, पीटीए मीटिंग, सगळं तुम्ही त्यांना थेट मेसेज करा. कोरडा असला तरी चालेल.

आता पुढे काय होतं ते सांगते, कारण इथेच बहुतेक घरं माघार घेतात. तुम्हाला वाटेल ती खूश होईल. ती चिडेल. ‘आत्ता आठवलं?’ म्हणेल. काही आठवड्यांनी ती स्वतःच मध्ये पडायला येईल : ‘बाबा आज टेन्शनमध्ये आहेत, तू काही बोलू नकोस हां.’ कारण त्या नोकरीत त्रास होता तसा मानही होता. घरातली सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती तीच होती. ती जागा सोडणं कुणाला सोपं नसतं. तुम्ही शांतपणे ‘मी बघते, तू जा’ म्हणायचं. दहा वेळा म्हणावं लागेल.

याचा अर्थ तिला फुलासारखी बसवून ठेवा असा नाही. एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हवाईच्या कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा दशकानुदशकं पाठपुरावा केला. ज्यांच्या घरी गरिबी, भांडणं, व्यसन, आजार असं एकाहून जास्त काही होतं, त्यांतली साधारण एक तृतीयांश मुलं मोठेपणी चांगली, सावरलेली माणसं झाली. त्या मुलांत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. घरात त्यांच्यावर एखादं खरं, उपयोगाचं काम होतं. आणि आईबापांपलीकडचं निदान एक माणूस त्यांना धरून होतं. आजी, शिक्षक, शेजारीण, कोणीही. तेव्हा रविवारचे पोहे तिला करू द्या, भावाला बसस्टॉपवर सोडू द्या. पोहे झाले की संपले. आईचं दुःख संपत नाही, म्हणून ते काम मुलांना द्यायचं नसतं.

ते एक माणूस कोण, हे तुम्ही ठरवू नका. आत्या असू शकते. हो, त्यांचीच बहीण. मुलगी आत्याशी फोनवर तास तास बोलते म्हणून रुसलेल्या आया मी पाहिल्यात. बोलू द्या. त्या फोनवर तुमची बदनामी होईल ही भीती मला समजते. पण बहुतेक वेळा ते बोलणं केसांबद्दल, सिनेमाबद्दल आणि एखाद्या मुलाबद्दल असतं.

आणि घराबाहेरची एक जागा, जिथे तिला ‘अमक्यांची मुलगी’ म्हणून कोणी ओळखत नाही. माझ्याकडे पर्वतीच्या बाजूचा एक मुलगा यायचा. घरी वडिलांचं पिणं, स्वतःबद्दल एक धड वाक्य नाही. दहावीनंतरच्या सुट्टीत तो ढोल-ताशा पथकात शिरला. गणपतीच्या आधी दोन महिने संध्याकाळी नदीपात्रात सराव. पहिले काही दिवस त्याच्या बोटांना फोड आले आणि तो ते मला दाखवायला आला, पदक दाखवावं तसे. तिथे कोणी विचारत नव्हतं की घरी काय चाललंय. ठोका चुकला तर शिवी, बरोबर आला तर मान हलायची. वर्षभर माझ्याशी बोलून जे झालं नव्हतं ते त्या दोन महिन्यांत सुरू झालं, हे कबूल करायला मला जरा जड जातं. तुमच्या मुलीसाठी ते पथक असेल, टेकडीवर झाडं लावणारा गट असेल, पुढे कॉलेजात एकांकिकेचं बॅकस्टेज असेल. बारावी आहे म्हणून नाही म्हणू नका. आठवड्यातून दोन संध्याकाळी गेल्याने मार्क जात नाहीत. ते आत्ता जाताहेत, ती घरी असूनही.

मिस्टरांबद्दल तुम्ही फार कमी लिहिलंय. ते समुपदेशनाला येणार नाहीत असं तुम्ही गृहीत धरलंय का? एकदा विचारा, तेही तुमच्या लग्नाबद्दल नको, ‘मुलीबद्दल’ म्हणून. ‘संसार सुधारायला चला’ म्हटलं की पुरुष येत नाहीत. ‘पोरीचं काहीतरी बिनसलंय’ म्हटलं की पुष्कळदा येतात, घड्याळ बघत का होईना. नाहीच आले तर तुमचं एकटीचं वागणं बदलूनही घरात फरक पडतो. भांडण बंद होणार नाही हे मला माहीत आहे. ते मिटलं की तेवढं मुलांना कळू द्या. मार्क कमिंग्ज या मानसशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं हेच तपासलं : भांडण संपलेलं मुलांना दिसलं किंवा नंतर सांगितलं गेलं, तरी त्यांची अस्वस्थता बरीच उतरते. आपल्याकडे भांडण सगळ्यांसमोर होतं आणि मिटतं बंद दाराआड. ‘काल आवाज चढले होते, गाडीच्या हप्त्यावरून. ते आता झालं ठरवून.’ नऊ वर्षांच्या धाकट्याला तर हे वाक्य औषधासारखं लागेल. त्याची काळजी तुम्ही पत्रात फक्त वयापुरती केलीत, कारण त्याला सांभाळायला ताई आहे. तेही आता तुमच्याकडे येईल.

शेवटचा प्रश्न, बारावीपर्यंत थांबायचं का. लग्न टिकवा की सोडा हे मी सांगणार नाही. थांबायचं ठरवलंत तर स्वतःच्या कारणासाठी थांबा. घर, पैसे, हिंमत, काहीही. तिला ‘तुझ्या बारावीसाठी थांबले’ असं कधीही ऐकवू नका. माझ्याकडे आज तिशीतली माणसं येतात जी आईची अशी वर्षं अजून हप्त्याहप्त्याने फेडताहेत.

वेगळं व्हायचं ठरलं, तर ‘तू कोणाकडे राहणार’ हे स्वयंपाकघरात विचारू नका. विचारून झालं असेल तर तो प्रश्न परत घ्या. प्रकरण शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात गेलं तरी, मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याची इच्छा विचारात घेऊ शकतात. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यात तशी सोय आहे. निर्णय मात्र मुलाचं हित बघून कोर्ट करतं. तिथे समुपदेशकही असतात. म्हणजे निवड करण्याचं ओझं कायद्यानेही पूर्णपणे मुलावर टाकलेलं नाही.

आणि सांगायची वेळ आली की दोघांनी मिळून, दोन्ही मुलांना एकत्र सांगा. शनिवारी सकाळी, म्हणजे पुढचे दोन दिवस घरात कोणीतरी असेल. प्रॅक्टिकलच्या आठवड्यात नको. कोण चुकलं हे सांगत बसू नका. मुलांना जे हवं असतं ते अगदी बारीक असतं : मी कुठे झोपणार, क्लासला कोणत्या बसने जायचं, फी कोण भरणार, रविवारी बाबा किती वाजता येणार, आणि भावाची सायकल कोणत्या घरात राहणार. या पाचही गोष्टी आधी एका कागदावर लिहून दोघांनी ठरवा. कागद तिला करायला देऊ नका.